नॅक्सोसच्या पाण्यात आई

उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रीसमधल्या नॅक्सोस बेटावर जायचं हे आमचं फेब्रुवारीतच ठरलं, आणि त्याच रात्री जेवणानंतर माझ्या तेरा वर्षांच्या लेकीने बेटावर करण्यासारख्या गोष्टींची यादी करून फ्रिजवर चिकटवली. बोटीने समुद्रातल्या गुहांकडे जायचं. बंदराजवळ देवळाचा उरलेला एक संगमरवरी दरवाजा आहे, त्यातून सूर्यास्त बघायचा. डोंगरातल्या गावापर्यंत बसने जायचं आणि पायवाटेने खाली उतरायचं. आणि रोज, काहीही झालं तरी, समुद्रात पोहायचं. प्रत्येक ओळीपुढे तिने कोणकोण ते लिहिलं होतं. पोहण्यापुढे ती आणि तिचा बाबा. माझ्यापुढे पुस्तक. मला पोहता येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"आणि आजी काय करणार?" मी विचारलं.

"आजी कॅन वॉच अवर बॅग्ज," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

ती काही वाईट मनाने बोलली नव्हती. आई टेबलापाशी मेथी निवडत बसली होती. छत्तीस वर्षं नागपूरच्या सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून काढलेली बाई, इंग्रजी तिला चांगलं समजतं. तिने मान वर केली नाही. माझे बाबा गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं झाली, ती आमच्याकडे अमेरिकेत, वर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला असते. इथे रिकामं शेत दिसलं की वर्षभरात तिथे बिनखिडक्यांचं डेटा सेंटर उभं राहतं. माझा नवरा त्यातल्याच एकात काम करतो, मी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आई दिवसभर आपली आपली असते. फिरून येते, स्वयंपाक करते, नागपूरच्या मैत्रिणींशी फोनवर बोलते.

दुसऱ्या दिवशी माझी मीटिंग चालू असताना ती दारात येऊन उभी राहिली. मी माइक म्यूट केला.

"ते काउंटीचं स्विमिंग पूल कुठे आहे गं? तू हिला लहानपणी घेऊन जायचीस ते."

"लायब्ररीच्या पुढे. का?"

"मला पोहणं शिकायचं आहे."

मी हसले. ती हसली नाही. "मीटिंग झाली की नाव घाल माझं," असं सांगून ती खाली गेली.

साठीच्या पुढच्या लोकांसाठी तिथे आठवड्यातून दोनदा सकाळी नवशिक्यांचा वर्ग असायचा. आई सदुसष्टची. मी नाव घातलं खरं, पण मनात म्हटलं, पोहण्याचा पोशाख आला की हा विषय आपोआप संपेल. आईने आयुष्यात साडी, नर्सचा युनिफॉर्म आणि अलीकडे सलवार-कुर्ता याखेरीज काही घातलेलं नव्हतं. लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा एक काळा सूट मी मागवला. तो आला तेव्हा बाथरूममध्ये जाऊन ती चांगली पंधरा मिनिटं बाहेर आली नाही. मी दार वाजवलं.

"होतो आहे का?"

"होतो. घट्ट आहे." मग थोड्या वेळाने आतून आवाज आला, "ऑपरेशनचा गाऊन घातला की सिस्टरलाही पहिल्या दिवशी असंच वाटते. मग सवय होते."

विषय संपला नाही.

शिकवणारी बाई स्वतः सत्तरीची होती. उंच, वाळलेली, केस अगदी बारीक कापलेले. तिने नोकरीभर टपाल वाटलं होतं आणि निवृत्त झाल्यावर हे सुरू केलं होतं. पहिल्या दिवशी तिने आईचा हात धरून तिला पायऱ्यांवरून पाण्यात उतरवलं आणि म्हणाली, आज फक्त तोंड पाण्यात घालायचं, बाकी काही नाही. मी काचेपलीकडच्या बाकावर बसून बघत होते. आई वाकायची, पाणी हनुवटीला लागलं की झटक्याने मागे व्हायची. पुन्हा वाकायची. पाऊण तासात तिचं नाकसुद्धा भिजलं नाही. रात्रपाळीत एकटीने चाळीस खाटांचा वॉर्ड सांभाळलेली ही बाई, आणि तिला कमरेइतक्या पाण्याची भीती वाटत होती. मी तिला कधी कशाला घाबरलेलं बघितलंच नव्हतं, म्हणून मला ते बघवत नव्हतं.

घरी आल्यावर तिने सणासुदीला काढतो ते मोठं पातेलं कपाटातून काढलं, ओट्यावर ठेवून पाण्याने भरलं, आणि त्यात तोंड घातलं.

त्यानंतर रोज हा कार्यक्रम सुरू झाला. सकाळी चहाच्या आधी आणि दुपारी झोपेनंतर. तोंड पाण्यात, नाकाने श्वास बाहेर, बुडबुडे, मान वळवून तोंडाने श्वास आत. एकदा नवरा कॉफी घ्यायला स्वयंपाकघरात आला तर सासूबाई पातेल्यात.

"आई, काय करताय?" तो घाबरून म्हणाला.

तिने डोकं वर काढलं, ओढणीने तोंड पुसलं. "श्वास सोडून राहिली." आणि पुन्हा आत.

दुसऱ्या आठवड्यात तिने तलावात तोंड घातलं. तिसऱ्यात काठाची दांडी धरून पाय मारले. चौथ्या आठवड्यात दांडी सोडून तरंगायला शिकवत असताना तिचा पाय घसरला, पाणी नाकातोंडात गेलं, ती खोकत खोकत वर आली आणि पायऱ्यांवर बसून राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी टॉवेल घेऊन धावले. "पुरे झालं," मी म्हटलं. "काही गरज नाही याची." तिने टॉवेल घेतला, कपडे बदलले, आणि आम्ही घरी आलो. त्या दिवशी तिने पातेलं काढलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

पुढच्या वर्गाच्या सकाळी ती नेहमीच्या वेळी पिशवी घेऊन दारात उभी.

"जायचं आहे?" मी विचारलं.

"आपल्याकडे नवीन पोरी यायच्या ट्रेनिंगला," ती बूट घालता घालता म्हणाली. "पहिली मोठी जखम पाहिली की चक्कर येऊन पडायच्या. मी त्यांना उठवून चहा पाजायची आणि म्हणायची, आता घरी जा, पण उद्या ये. ज्या दुसऱ्या दिवशी आल्या त्या नर्स झाल्या. आता मीच नाही गेली तर त्या पोरींना काय तोंड दाखवू?"

त्या पोरी आता स्वतः निवृत्तीला आल्या असतील. पण आईचा हिशेब तसाच.

त्या दिवशी परत येताना मी तिला विचारलं, लहानपणी तुला कधी पोहावंसं वाटलं नव्हतं का? उमरेडच्या पुढच्या एका खेड्यात तिचं बालपण गेलं एवढं मला माहीत होतं, त्यापलीकडे ती फारसं बोलत नसे. सिग्नल लाल होता. ती समोर बघत म्हणाली, "गावात मोठी विहीर होती, दगडी पायऱ्यांची. पाटलाकडची पोरं वरून उड्या मारत. आम्ही लांबून बघायचो. आम्हाला तिथे उतरायची मनाई होती. घागर घेऊन बाजूला उभं राहायचं, कोणी ओतलं तर घ्यायचं."

"मग?"

"मग काय. तुझ्या मामाने एक दिवस मारली उडी. दहा वर्षांचा होता. पाणी बाटलं म्हणून गाव गोळा झालं, त्याला मारलं, आजोबांनाही बोलले. त्याच महिन्यात आजोबांनी आम्हाला नागपूरला आणलं. म्हणून मी शिकली. नाहीतर तिथेच राहिली असती."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता. थोडं पुढे गेल्यावर मी म्हटलं, "म्हणून शिकतेस का तू पोहायला? त्याच्यासाठी?"

"नाही गं." ती वैतागलीच. "मला समुद्रात जायचं आहे म्हणून शिकून राहिली. सगळ्या गोष्टींना तेच कशाला लावायचं?"

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

एप्रिलच्या शेवटी ती पाठीवर तरंगली. मी बाकावरून बघत होते. शिकवणारीने तिच्या मानेखालचा हात हळूच काढून घेतला, आणि आईला ते कळलंच नाही. छताकडे बघत ती पडून राहिली, हात पसरलेले, टोपीतून निसटलेली एक पांढरी बट पाण्यावर. मेमध्ये तिने तलावाची रुंदी पार केली. जूनमध्ये लांबी. वेग फारसा नव्हता. तिच्याहून म्हातारे एक आजोबा शेजारच्या लेनमधून दोनदा जाऊन येत तोवर तिची एक लांबी होई. पण ती थांबत नसे. दर तिसऱ्या हाताला मान वळवून श्वास, अगदी पातेल्यात केला तसा.

लेकीला हे सगळं माहीत होतं, पण ती तिच्या शाळेत, सॉकरमध्ये आणि फोनमध्ये होती. "दॅट्स सो क्यूट, आजी," एवढंच म्हणाली होती. आईने ते मनावर घेतलं नाही, निदान दाखवलं नाही.

आईचा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे तिला व्हिसा लागत होता. आम्ही दोघी वॉशिंग्टनला व्हिसा केंद्रात गेलो. काचेपलीकडच्या तरुण मुलीने कागद तपासले आणि सहज विचारलं की प्रवासाचं कारण काय. मी "टुरिझम" म्हणायला तोंड उघडलं, त्याआधीच आई म्हणाली, "स्विमिंग."

मुलीने मान वर केली. आईकडे नीट बघितलं. सुती सलवार-कुर्ता, चष्मा, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. "गुड फॉर यू, मॅम," ती म्हणाली. आईने तिला मान डोलावून अशी पावती दिली, जशी वॉर्डमध्ये चांगलं काम करणाऱ्या शिकाऊ मुलीला देत असेल.

अथेन्सहून मोठ्या जहाजाने आम्ही नॅक्सोसला पोचलो तो जुलैचा पहिला आठवडा होता. आम्ही एका घराचा वरचा मजला घेतला होता. खाली घरमालकीण राहायची, आईच्याच वयाची, काळ्या कपड्यातली. समुद्र घरापासून शंभर पावलांवर. लेक बॅग टाकून सरळ गच्चीत धावली आणि तशीच परत आली.

वारा. उत्तरेकडून असा वारा सुटला होता की गच्चीवरची खुर्ची आपण होऊन सरकत होती. समुद्रभर पांढरा फेस. किनाऱ्यावर लाल झेंडा. घरमालकिणीने आधी तीन बोटं दाखवली, मग विचार करून सहा दाखवली. तीन दिवस किंवा सहा. तिच्याकडे त्याला काही इलाज नव्हता.

त्या दिवसांत आम्ही कोरड्या जागी करण्यासारखं सगळं केलं. संगमरवरी दरवाज्यापर्यंत चालत गेलो, तिथे वाऱ्याने आईचा चष्मा उडता उडता वाचला. दरवाजा दोन पुरुष उंच असेल असं मला फोटोवरून वाटलं होतं. प्रत्यक्षात मान पूर्ण मागे टाकावी लागली. आई त्या दगडावर तळहात ठेवून बराच वेळ उभी होती. "एवढं वर चढवलं कसं असेल? किती माणसं लागली असतील?" तिला दरवाजा बांधणाऱ्या राजापेक्षा दगड वाहणाऱ्यांची चौकशी जास्त. बसने डोंगरातल्या गावात गेलो. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागावेत, आणि भिंती चुन्याने इतक्या पांढऱ्या की डोळे दिपावेत. चौकात एका प्रचंड झाडाखाली आम्ही बसलो, आणि आईने तिथल्या बटाट्याची एक फोड खाऊन चमचा खाली ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. इतका चांगला बटाटा मी खाल्ला नाही कधी."

बेट बटाट्यांसाठीच प्रसिद्ध आहे हे आम्हाला नंतर कळलं. परत आल्यावर तिने घरमालकिणीकडून बटाटे मागून घेतले आणि मोहरी-हळदीची साधी भाजी केली. मसाल्याचा डबा तिने वर्जिनियाहून आणला होता. घरमालकिणीने उभ्या उभ्या दोन वाट्या संपवल्या आणि बदल्यात लिंबाच्या पानांसारखी पानं घातलेलं काहीतरी गोड आणून दिलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी जाग आली ती शांततेने. वारा पडला होता. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा.

आई आमच्या आधी तयार. काळा सूट, पांढरी टोपी, गॉगल्स कपाळावर. लेक तिच्याकडे बघतच राहिली. तिने आजीला पहिल्यांदाच या वेषात पाहिलं होतं. किनाऱ्यावर आई पाण्यापाशी थांबली, वाकून ओंजळीत पाणी घेतलं, तोंडावर मारलं आणि आत चालू लागली. कमरेइतकं झालं, छातीइतकं झालं, आणि तिने अंग टाकलं. दोनतीन हात मारून ती थांबली आणि वळून ओरडली, "अगं, हे तर आपणच उचलतं!"

खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

नवरा कॉफी आणायला गेला होता. मी गुडघाभर पाण्यात उभी. लेक सुळकन पोहत आजीला गाठून पुढे गेली, मागे आली, तिच्याभोवती फिरली. "आजी, यू आर अ‍ॅक्चुअली स्विमिंग!" दोघी किनाऱ्याला समांतर डावीकडे निघाल्या, जिथे वाळू संपून खडक सुरू होतात. एक पांढरी टोपी, एक काळं डोकं. पाणी इतकं नितळ की दोघींच्या सावल्या तळाच्या वाळूवरून त्यांच्याबरोबर सरकत होत्या. मी जन्मात इतकं सुंदर काही बघितलं नसेल.

खडकांपाशी लेक उभी राहायला गेली आणि किंचाळली.

मला आधी काही समजलं नाही. ती हात आपटत होती, बुडत होती, वर येत होती. मी पाण्यात धावले, म्हणजे छातीपर्यंत गेले आणि थांबले, कारण पुढे मला जाता येत नव्हतं. मी नवऱ्याच्या नावाने ओरडले. तोवर आईचा आवाज आला. तो तिचा घरातला आवाज नव्हता.

"पाठीवर पड. पाठीवर! पाय वर घे. माझ्याकडे बघ. श्वास सोड."

लेकीला मराठी समजतं, बोलते मात्र ती इंग्रजीत. पण त्या क्षणी ती मराठीत रडत होती, "आजी, पाय, पाय दुखतोय."

"माहीत आहे. पाठीवर पड."

लेक पाठीवर पडली. आईने एका हाताने तिच्या मानेखाली आधार दिला आणि स्वतः पाठीवर पडून पाय मारायला सुरुवात केली. किती वेळ लागला सांगता येणार नाही. तीसेक हात अंतर असेल. आई तिच्या त्या संथ चालीने येत होती, मध्ये एकदा थांबून दम घेतला, लेकीशी काहीतरी बोलली, पुन्हा निघाली. माझ्यापर्यंत आल्या तेव्हा मी दोघींना धरलं. आईचे ओठ निळसर झाले होते, पण आवाज स्थिर होता. "काटे घुसले आहेत. समुद्रातलं काहीतरी. रक्त फार नाही. हिला उचल, पाय टेकवू देऊ नको."

तळपायात काळे बारीक काटे, अकरा की बारा. खडकांवर बसणारा काटेरी गोळ्यासारखा प्राणी असतो, त्याच्यावर तिचा पाय पडला होता. घरमालकिणीने तळपाय बघितला, "आ, आ," म्हणत व्हिनेगरची बाटली आणि वाडगा आणला. ओल्या सूटवर टॉवेल गुंडाळून आई जमिनीवर बसली, नातीचा पाय मांडीवर घेतला आणि चिमटा मागितला. एकेक काटा काढताना ती लेकीला प्रश्न विचारत होती. शाळेत कोणता विषय आवडतो. सॉकरमध्ये तू कुठे उभी राहतेस. गोल होतो म्हणजे नेमकं काय होतं. लेक हुंदके देत, इंग्रजी-मराठी मिसळून, सगळी उत्तरं देत होती. घरमालकीण पायावर व्हिनेगर ओतत होती. त्या दोन बायकांनी आयुष्यभर एकत्र काम केलं असावं असं वाटत होतं. कॉफीचे चार कप हातात घेऊन नवरा दारात आला, तेव्हा शेवटचा काटा निघत होता.

त्या संध्याकाळी लेकीने माझ्या शेजारी बसून विचारलं, "मम्मा, वॉज शी ऑल्वेज लाइक दिस?"

"कशी?"

तिने आपल्या तळपायाकडे बोट दाखवलं. "हो," मी म्हटलं. "नेहमीच."

राहिलेले दोन दिवस तिला नीट चालता येत नव्हतं. ती गच्चीत पाय वर करून वाचत बसायची, बाबा तिला सोबत करायचा. आई मात्र सकाळी सात वाजता निघायची, आणि मी तिच्याबरोबर. घरमालकिणीने तिला आपल्या मैत्रिणींत नेलं होतं. बेटावरच्या पाचसहा आज्या त्या वेळी समुद्रात उतरतात. डोक्यावर रुंद काठाच्या टोप्या, गळ्यात सोन्याच्या साखळ्या, गळ्यापर्यंत पाणी. पोहत कोणीच नाही. सगळ्या गोल करून नुसत्या तरंगतात आणि तासभर बोलतात. त्या गोलात आईची पांढरी टोपी. मी वाळूवर बसून बघत होते. सगळ्यांचे हात पाण्याबाहेर येऊन हालत होते, आईचेही. मध्येच सगळ्या एकदम हसल्या, हसण्याने पाण्यावर वर्तुळं उठली. आईचं हसणं मी किनाऱ्यावरून ओळखलं. बाबा गेल्यापासून ते मी फारसं ऐकलं नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा मी टॉवेल पुढे केला. "इतकं काय बोलत होता तुम्ही?"

"गुडघ्यांबद्दल," ती म्हणाली. "घरमालकिणीचा डावा गेला आहे, माझा उजवा. त्या निळ्या टोपीवालीने दोन्ही बदलून घेतले." केस पिळत ती माझ्या पुढे चालू लागली. कोपऱ्यावरच्या बेकरीचं दार उघडं होतं आणि आतून भाजल्याचा वास येत होता. मी पोचेपर्यंत तिने काचेतल्या पालक भरलेल्या मोठ्या चौकोनी पेस्ट्रीकडे बोट दाखवून, ओल्या हाताची चार बोटं वर केली होती.